कार्बोरेटर की इंजेक्शन? – एका जुन्या वादाचा इतिहास

१९५८ साली अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने आपल्या काही महागड्या मोटारींवर एक नवी यंत्रणा बसवून दिली. तिचे नाव होते ‘इलेक्ट्रोजेक्टर’. बेंडिक्स कंपनीने ती तयार केली होती. इंजिनाला लागणारे पेट्रोल कार्बोरेटरने न मिसळता, एक इलेक्ट्रॉनिक पेटी हिशेब करून ते विजेवर उघडणाऱ्या झडपांतून फवारत असे. अशा गाड्या विकल्या गेल्या सुमारे पस्तीस. पेटीतले मेणकागदाचे कपॅसिटर उष्णतेने आणि दमटपणाने बिघडत. आसपासच्या विद्युतचुंबकीय लहरींनीही पेटीचा हिशेब चुके. अखेर कंपनीने बहुतेक गाड्या परत बोलावल्या, नवी यंत्रणा उतरवली आणि त्या जागी नेहमीचे कार्बोरेटर बसवून दिले.

आज कारखान्यातून बाहेर पडणारी जवळजवळ प्रत्येक पेट्रोल गाडी याच तत्त्वावर चालते. कार्बोरेटर मात्र जुन्या गाड्यांच्या शौकिनांकडे आणि छोट्या यंत्रांवर उरला आहे. मग १९५८ साली चूक कोणाची झाली? नवी यंत्रणा उतरवणाऱ्यांची, की ती बसवणाऱ्यांची?

हा प्रश्न केवळ इतिहासातला नाही. जुनी गाडी जिवापाड जपणाऱ्या माणसापुढे तो आजही उभा राहतो: मूळचा कार्बोरेटर ठेवावा, की आधुनिक इंजेक्शन बसवावे? आपल्याकडे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळू लागल्यापासून तर तो अधिकच टोचू लागला आहे. वरवर पाहता हा मिस्त्रीला विचारायचा प्रश्न. पण त्याच्या उत्तरात शाळेतले निम्मे भौतिकशास्त्र आणि थोडे रसायनशास्त्र दडलेले आहे, म्हणून तो शिक्षकांपुढे मांडावासा वाटला.

काम नेमके कोणते?

प्रथम कार्बोरेटरला किंवा इंजेक्शनला करायचे काम समजून घेऊ. पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. सोयीसाठी त्यातले ऑक्टेन घेऊ. ऑक्टेनच्या एका रेणूत ८ कार्बन आणि १८ हायड्रोजन अणू असतात. दोन रेणू पूर्ण जळायला ऑक्सिजनचे २५ रेणू लागतात. वस्तुमानात सांगायचे तर ११४ ग्रॅम ऑक्टेनला ४०० ग्रॅम ऑक्सिजन. हवेत वस्तुमानाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, म्हणजे हवा लागली सव्वासतराशे ग्रॅम. गुणोत्तर आले साधारण १५ ला १. प्रत्यक्षातल्या पेट्रोलसाठी ते १४.७ ला १ असे धरतात. हे गणित नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांकडून सहज करून घेता येईल.

आता हेच आकारमानात पाहू. एक लिटर पेट्रोलचे वस्तुमान सुमारे ७४० ग्रॅम. त्याला हवा लागते ११ किलोग्रॅमच्या आसपास, म्हणजे ९,००० लिटर! दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशा खोलीतली जवळजवळ एक तृतीयांश हवा एका लिटरमागे खर्ची पडते.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर आपल्या परिचयाच्या प्रीमियर पद्मिनीचे इंजिन होते १,०८९ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे. एका सिलिंडरात एका वेळी शिरणाऱ्या हवेला पेट्रोल लागते जेमतेम अर्धा थेंब. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर असे अर्धे थेंब मिनिटाला ६,००० वेळा मोजून द्यायचे. शिवाय ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की अर्ध्याचा दशांश, दाबला की पुन्हा अर्धा. मिश्रणात पेट्रोल जास्त झाले, म्हणजे मिश्रण ‘गडद’ झाले, तर धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळलेले पेट्रोल जाते, प्लग काळे पडतात. कमी झाले, म्हणजे मिश्रण ‘विरळ’ झाले, तर इंजिन ‘मिसिंग’ मारते आणि तापते. त्यातही गोम अशी की सर्वांत जास्त ताकद थोड्या गडद मिश्रणातून मिळते आणि सर्वांत कमी खर्च थोड्या विरळ मिश्रणात होतो. म्हणजे ‘बरोबर’ गुणोत्तर कोणते, हे आपल्याला काय हवे आहे त्यावर ठरते. हा मुद्दा लक्षात ठेवावा. आपल्या गोष्टीचे मर्म त्यात आहे.

पृष्ठभागावरून फवाऱ्याकडे

कार्ल बेंझ यांनी १८८६ साली आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले. तिच्यातला कार्बोरेटर म्हणजे केवळ इंधनाचे एक भांडे होते. हवा इंधनाच्या पृष्ठभागावरून जाई आणि जाताना वाफ बरोबर घेई. यात अडचण उघड आहे. हलके घटक आधी उडून जातात, जड घटक तळाशी साचतात. थंडीत वाफ कमी, उन्हात जास्त. १८८८ साली बेर्टा बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन मॅनहाइमहून फोर्झहाइमला त्या मोटारीने गेल्या. वाटेत वीस्लोख गावी त्यांनी औषधाच्या दुकानातून इंधन विकत घेतले आणि तुंबलेली इंधनाची नळी टोपीच्या पिनेने साफ केली. इंधन पुरवण्याची व्यवस्था हा मोटारीचा नाजूक भाग आहे, हे त्या पहिल्याच लांबच्या प्रवासात दिसून आले.

१८९३ च्या सुमारास बुडापेस्टमध्ये डोनाट बांकी आणि यानोश चोंका यांनी, आणि जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी, इंधनाची वाफ होण्याची वाट न पाहता त्याचा फवाराच हवेत सोडण्याची युक्ती काढली. पुढे शंभर वर्षे टिकलेला कार्बोरेटर तो हाच.

त्याची रचना अशी: सिलिंडरातला दट्ट्या खाली जाताना हवा ओढतो. ती हवा मध्येच अरुंद झालेल्या नळीतून जाते. अरुंद भागात हवेचा वेग वाढतो आणि दाब घटतो. वेग आणि दाब यांचे हे नाते डॅनियल बर्नुलीने १७३८ साली मांडले आणि अरुंद नळीवरील आपले प्रयोग इटलीच्या व्हेन्टुरीने १७९७ साली प्रसिद्ध केले. अरुंद भागात एक बारीक नळी उघडते. तिचे दुसरे टोक फ्लोटच्या भांड्यातल्या पेट्रोलमध्ये असते. भांड्यावर बाहेरच्या हवेचा दाब, नळीच्या तोंडाशी कमी दाब. त्यामुळे पेट्रोल वर चढते आणि हवेत फवारले जाते. भांड्यातली पातळी फ्लोट कायम ठेवतो, अगदी आपल्या संडासाच्या टाकीतल्या गोळ्यासारखा.

वर्गात यासाठी ग्लासभर पाणी आणि शीतपेयाच्या दोन नळ्या पुरतात. एक नळी पाण्यात उभी धरावी आणि दुसरीतून तिच्या वरच्या टोकाशी आडवे जोरात फुंकावे. पाणी वर चढून फवारा उडतो. मात्र स्पष्टीकरण देताना जपावे. मोकळ्या झोताचा वेग जास्त म्हणून त्याचा दाब आपोआप कमी, असे सांगण्याची पद्धत आहे. ते बरोबर नाही. मोकळ्या झोताचा दाब साधारण भोवतालच्या हवेइतकाच असतो. उभ्या नळीच्या काठावरून झोत वळतो, म्हणून तिच्या तोंडाशी दाब घटतो. कार्बोरेटरमध्ये हवा बंदिस्त मार्गाने जाते, तिथे बर्नुलीचा नियम सरळ लावता येतो.

हवाच मोजते, हवाच मिसळते

या साध्या नळीचे खरे सौंदर्य पुढेच आहे. हवेचा प्रवाह दाबातल्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. पेट्रोलचा प्रवाहही त्याच दाबफरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणजे हवा दुप्पट झाली की पेट्रोलही आपोआप दुप्पट. कोणी मोजायला नको, हिशेब करायला नको. हवेचे ओढणेच पेट्रोलचे माप ठरवते.

पण हा हिशेब हवेची घनता कायम आहे असे गृहीत धरतो. घनता घटली तर हवेचे वस्तुमान घटते, पेट्रोलचे त्या प्रमाणात घटत नाही. हवा-पेट्रोल गुणोत्तर हवेच्या घनतेच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते. मुंबईला नीट जुळवलेली गाडी महाबळेश्वरला नेली, तर १,३७२ मीटर उंचीवर हवेची घनता सुमारे १२ टक्क्यांनी कमी असते. त्यामुळे मिश्रण सहा-सात टक्क्यांनी गडद होते. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, हीच चूक जवळजवळ १९ टक्क्यांवर जाते. घाट चढून आलेली जुनी गाडी दमल्यासारखी का वाटते, याचे हे एक कारण.

दुसरी अडचण हळू चालीची. इंजिन ‘स्लो’वर असताना हवा इतकी थोडी जाते की अरुंद नळीत पुरेसा दाबफरकच निर्माण होत नाही. म्हणून वेगळे छिद्र ठेवावे लागले. ॲक्सिलरेटर एकदम दाबला की हवा लगेच धावते, जड पेट्रोल मागे रेंगाळते. म्हणून एक छोटा पिचकारीवजा पंप आला. थंड इंजिनात पेट्रोल भिंतींवरच चिकटते, म्हणून सकाळी ओढायचा चोक आला. एकेका अडचणीवर एकेक जोड देत कार्बोरेटर वाढत गेला. इंग्लंडच्या जॉर्ज हर्बर्ट स्किनर यांनी १९०५ च्या सुमारास वेगळा मार्ग काढला: दाबफरक कायम ठेवायचा आणि नळीची रुंदीच हवेप्रमाणे कमीजास्त होऊ द्यायची. हाच ‘एसयू’ कार्बोरेटर. आपल्या अँबॅसिडरच्या मिस्त्रींना त्याची निमुळती सुई चांगली ठाऊक होती.

तरीही एक मर्यादा कोणत्याही जोडाने सुटेना. मोजणे आणि मिसळणे ही दोन कामे एकाच हवेच्या प्रवाहावर सोपवलेली होती, आणि मिश्रण कसे झाले हे पाहायला पुढे कोणीच नव्हते.

आकाशातला धडा

इंजेक्शनची, म्हणजे दाबाने इंधन फवारण्याची, कल्पना कार्बोरेटरइतकीच जुनी आहे. डिझेल इंजिनाला तिच्याशिवाय गत्यंतर नव्हते, कारण तिथे दाबाने तापलेल्या हवेत ऐन वेळी इंधन सोडायचे असते. बॉश कंपनीने १९२७ साली डिझेलसाठी पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. पेट्रोलसाठी मात्र कार्बोरेटर स्वस्त होता आणि चालत होता. त्याचे उणेपण प्रथम ठळकपणे दिसले ते विमानांत.

१९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटनवर हवाई लढाई चालू होती. ब्रिटिश स्पिटफायर आणि हरिकेन विमानांत रोल्स-रॉइसचे मर्लिन इंजिन होते. त्यावर एसयू कार्बोरेटर होता. जर्मन मेसरश्मिट विमानाचे डेमलर-बेंझ इंजिन थेट सिलिंडरात पेट्रोल फवारत असे. जर्मन वैमानिक संकटात सापडला की विमानाचे नाक एकदम खाली दाबून सूर मारी. ब्रिटिश वैमानिकाने तसे केले की त्याचे इंजिन खोकत असे आणि बंद पडण्याच्या बेतात येई.

कारण फ्लोटच्या भांड्यात होते. विमान झटकन खाली वळले की भांड्यातले पेट्रोल छताकडे उसळते. आधी जेटला पेट्रोलच मिळत नाही. मग फ्लोटची फसगत होऊन झडप सताड उघडते आणि पंप भांडे तुडुंब भरतो. इंजिन पेट्रोलने गुदमरते. तेव्हा ब्रिटिश वैमानिक आधी विमान कुशीवर वळवून मगच सूर मारू लागले, पण त्यात मोलाचे क्षण जात.

यावरचा तातडीचा उपाय फार्नबरोच्या संशोधन संस्थेतील अभियंत्या बिॲट्रिस शिलिंग यांनी १९४१ च्या सुरुवातीला काढला. त्या स्वतः मोटारसायकलच्या शर्यतींत भाग घेत. त्यांनी पेट्रोलच्या वाटेत मोजक्या छिद्राची एक छोटी पितळी चकती बसवली. इंजिनाला पूर्ण ताकदीसाठी लागेल तेवढेच पेट्रोल तिच्यातून जाई. भांडे तुंबण्याइतके जात नसे. काही आण्यांच्या वस्तूने बहुतांश काम भागले. पुढे दाबावर चालणारे, फ्लोट नसलेले कार्बोरेटर आले.

इथे इंजेक्शन सर्वार्थाने श्रेष्ठ होते असे मात्र समजू नये. रोल्स-रॉइसच्या अभियंत्यांचे म्हणणे असे की कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना हवा थंड होते, थंड हवा दाट असते, म्हणून सुपरचार्जरमधून सिलिंडरात जास्त हवा जाते आणि ताकद वाढते. पाण्याच्या माठाचेच हे तत्त्व. म्हणजे एकाच निवडीत लाभ आणि तोटा दोन्ही होते.

इंजेक्शन हरले तेव्हा

युद्धानंतर हे ज्ञान रस्त्यावर उतरले. १९५४ साली मर्सिडीज-बेंझने ३०० एसएल ही मोटार पुढे आणली. तिच्या तीन लिटरच्या इंजिनात बॉशचा यांत्रिक पंप थेट सिलिंडरात पेट्रोल फवारत होता. त्याच घराण्यातले कार्बोरेटरवाले इंजिन कंपनीच्या १९५१ च्या मोठ्या मोटारीत ११५ अश्वशक्ती देई. इथे मिळाली २१५. सगळी वाढ इंजेक्शनमुळे नव्हती, इतर बदलही होते. पण वाटा मोठा होता. किंमतही चुकवावी लागली. प्रज्वलन बंद केल्यावर इंजिन थांबेपर्यंत पंप पेट्रोल फवारतच राही. ते सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन खालच्या तेलात मिसळे. त्यामुळे तेल वारंवार बदलावे लागे.

१९५७ साली अमेरिकेत शेव्हरोले कॉर्व्हेटला यांत्रिक इंजेक्शन मिळाले. २८३ घन इंचांच्या, म्हणजे सुमारे ४.६ लिटरच्या इंजिनातून २८३ अश्वशक्ती! जाहिरातीला याहून चांगले काय हवे? पण त्यासाठी गाडीच्या तीन हजारांवर किमतीत आणखी सुमारे पाचशे डॉलर मोजावे लागत. ते बिघडले की दुरुस्त करणारा मिस्त्री मिळत नसे. अनेकांनी ते काढून कार्बोरेटर बसवले.

शेवटचा फैसला १९६५ साली झाला. त्या वर्षीच्या कॉर्व्हेटमध्ये इंजेक्शनवाले ५.४ लिटरचे इंजिन ३७५ अश्वशक्ती देत होते. त्याच वर्षी ६.५ लिटरचे, कार्बोरेटरवाले इंजिन आले. त्याची ताकद ४२५, आणि वरचा दाम इंजेक्शनच्या जवळजवळ निम्मा. त्याच वर्षानंतर कॉर्व्हेटमधले ते इंजेक्शन बंद झाले.

या हिशेबात चूक काढता येणार नाही. प्रश्न ‘कमी पैशात जास्त ताकद कशी मिळेल?’ असा होता. पेट्रोल स्वस्त होते आणि धुराचा विचार विकत घेणाऱ्याच्या मनात नव्हता. त्या प्रश्नाचे उत्तर कार्बोरेटर हेच होते. इलेक्ट्रोजेक्टर उतरवणाऱ्यांनीही १९५८ साली शहाणपणाच केला होता. त्या काळचे इलेक्ट्रॉनिक भागच त्या कामाला पुरे पडत नव्हते.

प्रश्नच बदलला

प्रश्न बदलला तो लॉस एंजेलिसच्या आकाशात. २६ जुलै १९४३ रोजी त्या शहरावर दाट, डोळे चुरचुरवणारे धुरके पसरले. युद्धाचे दिवस असल्याने शत्रूने विषारी वायू सोडला की काय, अशीही शंका काहींना आली. पुढे अशी धुरकी वारंवार येऊ लागली. त्यांचे कोडे सोडवले ते आरी हाखेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये ते अननसाच्या स्वादातल्या द्रव्यांचा अभ्यास करत होते. त्याच तंत्राने त्यांनी शहराची हवा तपासली. न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन तयार होतो, असे त्यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले. ओझोन ओळखायला त्यांनी वाकवलेल्या रबराच्या पट्ट्या वापरल्या; ओझोनने रबराला भेगा पडतात. ते हायड्रोकार्बन कोठून येत होते? तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांतून आणि शहरातल्या लाखो मोटारींतून. म्हणजे गडद मिश्रणातला तो वाया गेलेला अंश लोकांच्या फुफ्फुसांत जात होता.

कॅलिफोर्नियाने १९६६ च्या मोटारींपासून धुरावर मर्यादा घातली, १९६८ पासून ती साऱ्या अमेरिकेला लागू झाली. आणि अमेरिकेसाठीच्या १९६८ च्या मॉडेलमध्ये फोक्सवागनने आपल्या १६०० या साध्यासुध्या मोटारीवर बॉशचे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन, डी-जेट्रॉनिक, बसवले. त्याच्या मुळाशी बेंडिक्सची तीच पेटंटे होती. मेणकागदाच्या जागी चांगले कपॅसिटर आले होते, ट्रान्झिस्टर सुधारले होते. यावेळी इंजेक्शन आले ते अधिक ताकदीसाठी नव्हे, तर कमी धुरासाठी.

उत्तर तपासणारे यंत्र

१९७० च्या अमेरिकन कायद्याने धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन १९७५ पर्यंत ९० टक्क्यांनी कमी करा, असे फर्मावले. त्यासाठी धुराच्या नळीत प्लॅटिनमसारख्या धातूंचे उत्प्रेरक बसवले गेले. शिशाने हे उत्प्रेरक निकामी होतात, म्हणून शिसेविरहित पेट्रोल आले. पण नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे काय? त्यांच्यातला ऑक्सिजन काढून घ्यायचा, म्हणजे क्षपण करायचे. आणि त्याच वेळी कार्बन मोनॉक्साइडला ऑक्सिजन द्यायचा, म्हणजे ऑक्सिडीकरण करायचे. दोन्ही एकाच डब्यात जमते, परंतु हवा-पेट्रोल गुणोत्तर १४.७ च्या आसपास, एखाद्या टक्क्याच्या आत राहिले तरच. महाबळेश्वरला सहा टक्के चुकणाऱ्या कार्बोरेटरला हे कसे जमावे?

खरे तर हे काम न तपासता कोणालाच जमणारे नव्हते. त्यासाठी आला ऑक्सिजन संवेदक. झिर्कोनियाच्या चिनी मातीसारख्या पदार्थाची ही एक छोटी टोपी असते. आत शुद्ध हवा, बाहेर इंजिनाचा धूर. तापलेल्या झिर्कोनियातून ऑक्सिजनचे आयन जाऊ शकतात. दोन बाजूंच्या ऑक्सिजनमध्ये जेवढी तफावत, तेवढा विद्युतदाब. नर्न्स्टच्या समीकरणात ६००-६५० अंश सेल्सिअस तापमान घालून पाहावे. मिश्रण विरळ असून धुरात एक टक्का ऑक्सिजन उरला असेल, तर दाब येतो ०.०६ व्होल्टच्या आसपास. मिश्रण किंचित गडद झाले की उरलेला ऑक्सिजन नगण्य होतो आणि दाब ०.८ व्होल्टच्या पुढे उडी मारतो. ही उडी नेमकी योग्य गुणोत्तराशी पडते. निसर्गाने जणू तिथे खूणच करून ठेवली आहे. १९७६ साली व्होल्वोने कॅलिफोर्नियासाठीच्या मोटारींवर बॉशचा असा संवेदक बसवला.

आता यंत्र स्वतःचे उत्तर तपासू लागले. इंजेक्टरची झडप काही हजारांश सेकंद उघडते. संवेदक सांगतो ‘गडद’, की पेटी तो काळ किंचित कमी करते. ‘विरळ’ म्हणाला की वाढवते. आमच्या मते, कार्बोरेटर हा पाठांतर चोख असलेला पण ताळा न करणारा विद्यार्थी होता. इंजेक्शन त्याच्याहून हुशार होतेच असे नाही, पण त्याला ताळा करायला शिकवता आले. संवेदक जोडलेले कार्बोरेटरही १९८० च्या दशकात निघाले. ते इतके गुंतागुंतीचे झाले की इंजेक्शनच सोपे ठरले.

आपल्याकडे

भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक आणि शिसेविरहित पेट्रोल सक्तीचे झाले. त्या वेळी अनेक गाड्यांवर कार्बोरेटर आणि उत्प्रेरक असा जोड होता. संवेदकाविना तो अर्धेच काम करी. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ च्या आदेशाने राजधानी परिसरात मर्यादा कडक झाल्या, २००० साली शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले, आणि गाड्यांच्या पाठीवर ‘एमपीएफआय’ ही अक्षरे झळकू लागली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा आल्यावर मोटारसायकलींवरूनही कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी गेली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये.

मग जुन्या गाडीवर काय बसवावे?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जुन्या गाडीच्या धन्यापुढे आज एक नवीनच अडचण आहे. २०२५ पर्यंत आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. त्याला ९ पटच हवा पुरते. हिशेब केला तर या मिश्र इंधनाला हवा लागते १३.५ पट. १४.७ ला जुळवलेला कार्बोरेटर हे जाणत नाही. तो पूर्वीइतकेच द्रव सोडतो आणि मिश्रण आठ-नऊ टक्क्यांनी विरळ पडते. संवेदक असलेले इंजेक्शन ही तफावत आपोआप भरून काढते. शिवाय इथेनॉलने जुन्या जातीचे रबर फुगते व कुजते, आणि पाणी शोषले गेल्याने धातू गंजतो.

तेव्हा इंजेक्शनच बसवावे काय? ते एकटे येत नाही. कार्बोरेटरला पाव बार दाबाचा डायफ्रामचा पंप पुरतो. इंजेक्शनला साधारण तीन बारचा विजेचा पंप लागतो. म्हणून नळ्या बदलाव्या लागतात, टाकीकडे परतीची नळी काढावी लागते, जुन्या डायनॅमोऐवजी जास्त वीज देणारा अल्टरनेटर बसवावा लागतो आणि धुराच्या नळीत संवेदकासाठी भोक पाडावे लागते. एवढे झाल्यावर ती जुनी गाडी कितपत राहिली? केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीला ‘व्हिन्टेज’ म्हणून नोंदवायचे तर ती मूळ रूपात असावी लागते. आणि वीस-तीस वर्षांनी पेटी बिघडली तर? पितळी जेट कोणताही कुशल मिस्त्री साफ करील, नवा घडवील. बंद केलेली इलेक्ट्रॉनिक पेटी मात्र इलेक्ट्रोजेक्टरसारखीच मुकी होऊन बसते.

आमचे मत असे: वर्षातून चार-दोनदा रस्त्यावर येणारी, मूळ रूपात टिकलेली गाडी असेल, तर कार्बोरेटरच ठेवावा. जेट एक-दोन अंकांनी मोठा घ्यावा, रबरी भाग इथेनॉल सोसणारे घालावेत आणि प्लगचा रंग पाहत राहावे. तिच्या धुराचा एकूण हिशेब लहान असतो आणि ती जपत असलेला इतिहास मोठा. पण तीच गाडी रोज भरवस्तीतून चालवायची असेल, तर संवेदकासह इंजेक्शन बसवावे, आणि जमल्यास उत्प्रेरकही. कारण मागे चालणाऱ्या शाळकरी मुलाच्या फुफ्फुसाला गाडीच्या वयाचे कौतुक नसते.

विद्यार्थ्यांना यंत्रांचा इतिहास सांगताना ‘जुने वाईट होते, मग चांगले आले’ असे सांगण्याचा मोह होतो. कार्बोरेटरच्या बाबतीत तरी तसे घडले नाही. १९६५ साली तो योग्यच होता. आपण त्याला विचारलेला प्रश्न पुढे बदलला, आणि तो बदलला एका रसायनशास्त्रज्ञाने हवा तपासली म्हणून. वर्गात एखाद्या जुन्या यंत्राविषयी बोलताना ‘हे मागे का पडले?’ या प्रश्नाआधी ‘ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर होते?’ हा प्रश्न विचारून पाहावा. मुले उत्तर शोधताना इतिहासही शिकतील आणि विज्ञानही.